डेन्मार्कांतील धान्य, जनावरें आणि माणसें : इ. स. १९१७-१८

१. प्रास्ताविक

इतिहासाच्या साधनांत राजेलोकांच्या खलित्यांना जो मान मिळतो तो कोठावळ्याच्या वहीला सहसा मिळत नाहीं. लढाई कोणी जिंकली हें आपण खलित्यांवरून ठरवितों; परंतु ती लढाई चालली असतां घरोघर काय शिजत होतें, आणि कोणाच्या ताटांतलें काढून कोणाच्या दावणींत पडत होतें, हें वहीवांचून कळत नाहीं. प्रस्तुत लेखांत अशाच एका वहीचा विचार करावयाचा आहे. ही वही डेन्मार्क या लहानशा देशाची असून तींतील महत्त्वाचीं पानें इ. स. १९१७ व १९१८ या दोन वर्षांचीं आहेत.

मांस व दूधदुभतें माणसानें किती खावें, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे बहुधा धर्माच्या किंवा भूतदयेच्या अंगानें होतो. तें अंग गौण आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु येथें तें बाजूस ठेविलें आहे. जमीन, धान्य आणि हवापाणी यांच्या हिशोबानें हा आहार कमी करावा असें जें आज जगांतील शास्त्रज्ञ सांगत आहेत, त्या म्हणण्यास इतिहासाचा आधार कितपत आहे, एवढाच प्रश्न आम्हीं विचारार्थ घेतला आहे. असा आधार शोधूं जातां पुस्तकी युक्तिवाद पुष्कळ सांपडतात. पण एका सबंध राष्ट्रानें आपला पशुसंग्रह मुद्दाम कमी करून तें धान्य माणसांच्या ताटांत वाढलें, आणि त्याचा परिणाम डॉक्टरांनीं व सरकारी खात्यांनीं नोंदून ठेविला, असें उदाहरण विरळाच. डेन्मार्कचें महत्त्व तें एवढ्याचसाठीं.

२. प्रश्नाची पूर्वपीठिका

कल्पना स्वतः जुनी आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत सॉक्रेटीस प्रथम एका साध्या नगराचें वर्णन करतो. तेथील लोक जव व गहूं यांच्या भाकऱ्या, भाजी, कंद, चीज व फळें एवढ्यावर राहतात. त्यावर ग्लॉकॉन ‘हें तर डुकरांचें नगर झालें’ अशा अर्थाचा टोमणा मारतो. मग सॉक्रेटीस सुखोपभोगाचें दुसरें नगर वर्णितो. त्यांत मांस येतें, म्हणून गुरांचे कळप व डुकरें राखणारे येतात. त्यांच्यामागून वैद्यांची गरज वाढते. पूर्वीं पुरत असलेली जमीन अपुरी पडूं लागते. आणि शेजाऱ्याची जमीन घेण्यासाठीं युद्ध उपस्थित होतें. ज्या नगरास डुकरांचें म्हणून हिणविलें त्यांत डुकरें नव्हतींच, तीं दुसऱ्यांत आलीं, ही त्या संवादांतली खोंच लक्षांत घेण्याजोगी आहे.

अठराव्या शतकांत अर्थशास्त्र उदयास आलें तेव्हां हाच विचार हिशोबाच्या भाषेंत मांडला गेला. ॲडम स्मिथनें इ. स. १७७६ च्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, मध्यम प्रतीचें धान्याचें शेत हें तेवढ्याच क्षेत्राच्या उत्तम कुरणापेक्षां कितीतरी अधिक अन्न देतें. विल्यम पेलीनें इ. स. १७८५ त देशाच्या लोकसंख्येची चर्चा करतांना, लोक ज्या प्रकारचें अन्न पसंत करतात त्यावर ती जमीन किती माणसांना पोसूं शकेल हें अवलंबून असतें, असें सांगून इंग्लंडांतील वाढत्या मांसाहाराकडे बोट दाखविलें. तथापि हें सर्व कागदावरील गणित होतें. त्याची कसोटी राष्ट्राच्या पोटावर लागण्यास आणखी सव्वाशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

३. धान्य विकणारा देश दूधलोणी विकणारा कसा झाला

डेन्मार्क हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धान्य निर्यात करणारा देश होता. इ. स. १८७० नंतर अमेरिकेंतील व रशियांतील स्वस्त धान्य आगबोटींनीं व आगगाड्यांनीं युरोपच्या बाजारांत येऊं लागलें व भाव कोसळले. इतर कित्येक देशांनीं जकातीची भिंत उभारून आपले शेतकरी वांचविले. डॅनिश शेतकऱ्यांनीं दुसरी वाट धरली. स्वस्त झालेलें परकी धान्य व पेंड विकत घ्यावी, ती गायीडुकरांना घालावी, आणि लोणी, खारवलेलें डुकराचें मांस व अंडीं इंग्लंडास विकावीं, असा हा धंदा होता.

या धंद्याची रचना फार कुशलतेची होती. इ. स. १८७८ च्या सुमारास दुधांतून मलई वेगळी काढणारें फिरतें यंत्र निघालें. इ. स. १८८२ सालीं पश्चिम जुटलंडांतील येडिंग गांवीं पहिली सहकारी डेअरी निघाली, व इ. स. १८८७ त हॉर्सेन्स येथें डुकरांचा पहिला सहकारी कत्तलखाना सुरू झाला. गांवचें दूध डेअरींत जाई, तेथें लोणी निघे, आणि लोणी काढून उरलेलें दूध शेतकऱ्याकडे परत येऊन डुकरांच्या दोणींत पडे. गाय, डेअरी, डूक्कर आणि इंग्लंडचा सकाळचा फराळ अशी ही सांखळी होती. पहिलें महायुद्ध सुरू झालें त्या सालीं सुमारें तीस लक्ष वस्तीच्या या देशांत सुमारें पंचवीस लक्ष डुकरें व जवळजवळ तितकींच गुरें होतीं.

या वैभवाचा एक आधार मात्र नकाशावर दिसत नव्हता. डेन्मार्कच्या गोठ्यांत जें खाद्य पडे त्यापैकीं मोठा भाग अमेरिकेच्या मक्याचा व निरनिराळ्या देशांतून येणाऱ्या पेंडीचा होता. म्हणजे डॅनिश जनावर डेन्मार्कांत उभें असलें तरी त्याचें शेत समुद्रापलीकडे होतें. जोंवर समुद्र मोकळा होता तोंवर ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत येण्याचें कारण नव्हतें.

४. समुद्र बंद झाला

डेन्मार्क युद्धांत तटस्थ राहिला व पहिलीं अडीच वर्षें दोन्ही पक्षांना माल विकून त्यानें पैसाही मिळविला. परंतु इ. स. १९१७ च्या फेब्रुवारींत जर्मनीनें पाणबुड्यांचें अनिर्बंध युद्ध पुकारलें, आणि एप्रिलांत अमेरिका युद्धांत उतरल्यावर तिनें तटस्थ देशांकडे जाणाऱ्या मालावर कडक निर्बंध घातले. मका व पेंड येणें जवळजवळ थांबलें. त्याच वर्षीं देशांतलें पीकही हलकें आलें.

आतां वही उघडणें भाग पडलें. घरीं पिकलेलें राय, जव, ओट व बटाटे तीन दावेदारांपुढें होते : माणूस, जनावर, आणि दारूची भट्टी. तिघांनाही पुरेल इतकें धान्य नव्हतें. जनावरें पूर्वींप्रमाणें पोसलीं असतीं तर माणसांच्या भाकरीस तूट आली असती. आणि एकदां जनावरांच्या पोटांत गेलेलें धान्य मांसाच्या रूपानें परत मागावें तर त्यांतील फारच थोडा अंश हातीं लागतो. डुकराच्या बाबतींत खाद्यांतील उष्मांकांपैकीं सुमारें दहावा हिस्साच माणसाच्या ताटांत परत येतो, असा अलीकडील मापनांचा निष्कर्ष आहे.

५. शेजारच्या जर्मनीचा धडा

डेन्मार्कपुढें यावेळीं एक उदाहरण होतें आणि तें अपयशाचें होतें. जर्मनीची इंग्लंडनें नाकेबंदी केल्यावर तेथील प्राध्यापकांच्या एका मंडळानें इ. स. १९१४ च्या अखेरीसच असा अहवाल दिला कीं, डूक्कर हा बटाट्याच्या व धान्याच्या बाबतींत माणसाचा प्रतिस्पर्धी असून डुकरांची संख्या कमी केली पाहिजे. गणित बरोबर होतें. इ. स. १९१५ च्या वसंतांत लाखों डुकरें मारलीं गेलीं; आकडा पन्नास लाखांपासून नव्वद लाखांपर्यंत निरनिराळा दिला जातो. लोकांत या प्रकारास ‘डुकरांची कत्तल’ असेंच नांव पडलें.

परंतु परिणाम उलटा झाला. एकदम बाजारांत आलेल्या मांसाचा नीट साठा झाला नाहीं, व तें लवकरच संपून भाव चढले. सरकारनें धान्याच्या व बटाट्याच्या किमती बांधून दिल्या, पण मांसाची किंमत त्यांच्या मानानें चढी राहिली. त्यामुळें धान्य बाजारांत नेण्यापेक्षां जनावरास घालणें शेतकऱ्यास किफायतीचें होऊन राहिलें. डुकरें पुन्हां वाढलीं. चिलीहून येणारा सोरा बंद झालेला, त्यांत शेणखताचीही ओढ. अशा स्थितींत इ. स. १९१६ त बटाट्याचें पीक बुडालें आणि इ. स. १९१६-१७ चा हिंवाळा जर्मन लोकांनीं गुरांसाठीं लावलेल्या सलगमसारख्या कंदांवर काढला. नाकेबंदीमुळें मेलेल्या नागरिकांचा जर्मन सरकारी आकडा ७,६३,००० असा होता. पुढील अभ्यासकांनीं तो बराच खालीं आणला आहे, पण उपासमार झाली याविषयीं वाद नाहीं.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जनावरें कमी करणें एवढेंच पुरेसें नसतें. जें धान्य वांचलें तें माणसापर्यंत पोंचविण्याची व्यवस्था, आणि किमतींचें परस्परांशीं प्रमाण, या दोन्ही गोष्टी बरोबर नसतील तर शहाणा सल्लाही फुकट जातो.

६. डॉ. हिंधेडे व डॅनिश व्यवस्था

डेन्मार्कांत ज्याच्या मतास या वेळीं वजन आलें तो मिकेल हिंधेडे (१८६२-१९४५) हा जुटलंडांतील शेतकरी घराण्यांत जन्मलेला डॉक्टर होय. त्या काळीं म्यूनिकच्या कार्ल फॉन फॉइटचें असें प्रमाण मान्य होतें कीं, कष्ट करणाऱ्या पुरुषास रोज ११८ ग्रॅम प्रथिनें हवींत; आणि व्यवहारांत याचा अर्थ भरपूर मांस असाच होई. अमेरिकेंत येल येथील रसेल चिटेंडन यानें इ. स. १९०४ त प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून याच्या निम्म्यावरही माणूस सशक्त राहतो असें प्रतिपादिलें होतें. हिंधेडेनें तोच विषय पुढें नेला. त्याच्यासाठीं डॅनिश सरकारनें कोपनहेगन येथें आहारसंशोधनाची प्रयोगशाळा काढली होती. तेथें त्यानें आपल्या एका सहायकास कित्येक महिने जवळजवळ केवळ बटाटे व मार्गारीन यांवर ठेवून त्याच्या प्रकृतीचें व कामाचें मापन केलें. कोंड्यासकट दळलेल्या पिठाची भाकर माणसास पचते हेंही त्यानें प्रयोगानें दाखविलें होतें. शेतकऱ्यांच्या व डॉक्टरांच्या वर्गांत त्याची थट्टा करणारे पुष्कळ होते.

इ. स. १९१७ त प्रसंग आल्यावर हिंधेडेचा सल्ला सरळ होता : जव, बटाटे व कोंडा हें डुकरांचें खाद्य माणसांना द्या, डुकरें बहुतेक काढून टाका, गाईंची संख्या थोडी कमी करा, पण दूध चालू राहूं द्या. गाय व डूक्कर यांमधील हा भेद महत्त्वाचा आहे. डूक्कर माणूस खातो तेंच खातें. गाय मात्र गवत, पेंढा व कंद अशा माणसास निरुपयोगी वस्तूंवर बरीचशी जगूं शकते. म्हणून धान्यपेंड बंद झाली तरी ती थोडें का होईना दूध देतच राहते.

सरकारनें त्या वर्षीं भाकरीचें शिधावांटप सुरू केलें. शेतकऱ्यांकडून धान्य ठरावीक दरानें घेतलें जाऊं लागलें. रायच्या भाकरींत कोंडा राखला, एवढेंच नव्हे तर गव्हाचा कोंडाही वरून घातला. धान्य व बटाटे यांपासून दारू गाळण्यास बंदी झाली आणि बिअरचें उत्पादन निम्म्यावर आणलें. डुकरांची संख्या इ. स. १९१८ पर्यंत युद्धापूर्वींच्या सुमारें चौथ्या हिश्शावर आली. जीं थोडीं डुकरें राहिलीं त्यांचें मांस बहुतेक शेतकऱ्यांच्याच घरीं लागे, व गोमांस इतकें महाग झालें कीं शहरांतील सामान्य माणसास तें परवडेना. कोपनहेगनच्या कामकऱ्याचें जेवण म्हणजे कोंड्याची काळी भाकर, जवाची कण्हेरी, बटाटे, पालेभाजी, दूध व थोडें लोणी, असें झालें. देशाबाहेरून ज्यांचा जीव चालला होता तीं जनावरें गेलीं, आणि घरचें धान्य घरच्या माणसांना मिळालें.

७. मृत्यूच्या आकड्यांची छाननी

या वर्षाचा परिणाम हिंधेडेनें इ. स. १९२० च्या फेब्रुवारींत अमेरिकन वैद्यक मंडळाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. ऑक्टोबर १९१७ ते ऑक्टोबर १९१८ या बारा महिन्यांत मृत्युप्रमाण हजारीं १०.४ इतकें उतरलें व तें युरोपांतील कोणत्याही देशांत तोंवर नोंदलेल्या प्रमाणाहून कमी होतें, असें त्याचें म्हणणें. कोपनहेगनमधील प्रौढ पुरुषांत तर मृत्यु सुमारें एक तृतीयांशानें घटले असें त्यानें दाखविलें. शाकाहाराच्या पुरस्कर्त्यांनीं हे आकडे आजतागायत वारंवार उद्धृत केले आहेत. संशोधकाचें कर्तव्य मात्र असें कीं, साक्षीदार आपल्या पक्षाचा असला म्हणजे त्याची उलटतपासणी अधिक कसून करावी.

पहिला आक्षेप दारूचा. इ. स. १९१७ त सरकारनें दारूवर जबर कर बसविला. एका बाटलीची किंमत सुमारें अकरा पट झाली, व तिचा खप एकदम पडला. प्रौढ पुरुषांच्या मृत्यूंत जी मोठी घट दिसते ती कितपत मांसाच्या कमतरतेमुळें व कितपत दारूच्या, हें या आकड्यांवरून वेगळें काढतां येत नाहीं. हिंधेडेनें स्वतःही दारूचा भाग अमान्य केलेला नाहीं. दुसरा आक्षेप काळाचा. हिशोब ऑक्टोबर १९१८ शीं थांबतो. आणि त्याच सुमारास इन्फ्लुएंझाच्या मोठ्या साथीनें देशांत मृत्यु वाढविले. साथीचा दोष आहारावर घालणें चुकीचें होईल. परंतु एका वर्षाची सीमा जेथें आंखली तेथेंच ती आंखल्यानें चित्र उजळ दिसतें, हेंही खरें. तिसरी गोष्ट अशी कीं, डेन्मार्क तटस्थ होता. त्याच्या तरुणांचे मुडदे खंदकांत पडले नाहींत, आणि मासळी व दूध त्यास शेवटपर्यंत मिळत राहिलें.

इतकी वजावट केल्यावर काय उरतें? मांस कमी केल्यामुळें लोक अधिक जगले, हें विधान सिद्ध होत नाहीं. पण उलट विधान, म्हणजे मांस इतकें कमी झाल्यास राष्ट्र दुर्बळ होऊन मरेल, हें मात्र निःसंशय खोटें ठरतें. तीस लक्ष लोकांनीं वर्षभर मांसावांचून किंवा अत्यल्प मांसावर दिवस काढले, आणि मृत्युप्रमाण वाढलें नाहीं, घटलें. ज्या भीतीपोटीं सारें युरोप फॉइटच्या ११८ ग्रॅमांना चिकटून होतें ती भीती या वहीनें निराधार ठरविली. प्रयोगाचें खरें फळ तें एवढें, आणि तें लहान नाहीं.

८. मुलांचे डोळे

याच वहींत आणखी एक पान आहे. तें वाचल्यावांचून निर्णय देणें अन्यायाचें होईल. कारण तें दुधाविषयीं आहे व वरवर पाहतां उलट दिशेचें आहे.

युद्धापूर्वींपासून डेन्मार्कांतील गरीब मुलांत डोळे कोरडे पडून बुबुळ नासण्याचा एक रोग आढळत असे. युद्धाच्या वर्षांत तो वाढला. कांहीं मुलें कायमचीं आंधळीं झालीं. कोपनहेगनचे बालरोगचिकित्सक कार्ल ब्लोक यांनीं या मुलांच्या आहाराकडे लक्ष वेधलें, व ब्लेगवाड यांनीं देशभरच्या रोग्यांची टिपणें एकत्र केलीं. कारण असें निघालें कीं, जगाला लोणी पुरविणाऱ्या या देशांतील गरिबांच्या मुलांना लोणी मिळतच नव्हतें. लोणी परदेशीं जाई. मुलांच्या वाट्यास लोणी काढून उरलेलें दूध व वनस्पतिजन्य मार्गारीन येई. आज आपण ज्यास अ जीवनसत्त्व म्हणतों तें लोण्यांत असतें. तें निघून गेलेल्या दुधांत व त्या काळच्या मार्गारीनमध्यें नसे.

आणि मग इ. स. १९१७ च्या अखेरीस लोण्याचेंही शिधावांटप झालें. गाईंची संख्या घटली होती व एकूण दूध कमी झालें होतें; तरीही प्रत्येक माणसास आठवड्याचा ठरलेला लोण्याचा वांटा परवडेल अशा दरांत मिळूं लागला. इ. स. १९१८ त तो नेत्ररोग जवळजवळ नाहींसा झाला. पुढें निर्यात पुन्हां खुली झाली, वांटप उठलें, आणि इ. स. १९१९ त रोग पुन्हां दिसूं लागला.

या प्रकरणाचा अर्थ नीट लावला पाहिजे. दूध अनावश्यक आहे असें यावरून निघत नाहीं. त्या मुलांस लोणी हवेंच होतें, अथवा त्याच्या ऐवजीं हिरव्या भाज्या, गाजरें वा माशाचें तेल यांसारखें कांहीं. पण दूध अधिक काढल्यानें मुलांचे डोळे वांचले असेंही निघत नाहीं. दूध भरपूर होतें तेव्हां मुलें आंधळीं होत होतीं. दूध कमी झालें व वांटून दिलें गेलें तेव्हां तीं बरीं झालीं. उत्पादनाच्या राशीवरून पोषणाचें माप काढणें किती फसवें असतें याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

९. पुढील शंभर वर्षें

युद्ध संपलें, समुद्र मोकळा झाला, आणि डेन्मार्कनें कोंड्याची भाकर टाकून जुना धंदा पुन्हां धरला. कांहीं वर्षांतच डुकरें पूर्वींच्या संख्येच्या पलीकडे गेलीं. एकविसाव्या शतकांत साठ लक्षांच्या आसपास वस्ती असलेल्या या देशांत एका वेळीं एक कोटीहून अधिक डुकरें असतात. देशाच्या भूमीपैकीं सुमारें साठ टक्के लागवडीखालीं असून तिचा बहुतेक भाग जनावरांच्या खाद्यासाठीं राबतो. शिवाय दक्षिण अमेरिकेंतून सोयाबीनची पेंड येते. जनावराचें शेत पुन्हां समुद्रापलीकडे गेलें आहे.

फरक एवढाच कीं, इ. स. १९१७ त ज्या मर्यादेशीं गांठ पडली ती पाणबुड्यांनीं घातलेली होती; आतांची मर्यादा सृष्टीची आहे. शेतांतलें खत व मलमूत्र यांतील नत्र ओढ्यांतून फ्योर्डांत उतरतें, तेथें शेवाळें माजतें, तें कुजतांना पाण्यांतला प्राणवायु संपतो व तळचे जीव मरतात. गाईच्या रवंथाबरोबर मिथेन वायु बाहेर पडतो, व तो हवेंत उष्णता कोंडण्यांत कार्बन डायऑक्साइडपेक्षां कितीतरी पट प्रबळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेतकी संघटनेनें इ. स. २०१३ त जगांतील पशुपालनाचा वांटा मानवनिर्मित उष्णतावर्धक वायूंत १४.५ टक्के धरला. इ. स. २०१८ त जोसेफ पूर व थॉमस नेमेसेक यांनीं ११९ देशांतील सुमारें ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून असें दाखविलें कीं, मांस, दूध, अंडीं व पाळलेली मासळी यांसाठीं जगांतील शेतजमिनीचा सुमारें ८३ टक्के भाग गुंततो, आणि त्यापासून माणसास मिळणारे उष्मांक मात्र सुमारें १८ टक्के व प्रथिनें ३७ टक्के असतात. प्राणिज अन्न मुळींच वर्ज्य केल्यास शेतजमिनीची गरज सुमारें तीन चतुर्थांशानें घटेल, असाही त्यांचा हिशोब आहे. स्मिथ व पेली यांनीं एका शेताविषयीं जें म्हटलें होतें तें आतां सबंध पृथ्वीविषयीं मोजून सांगतां येतें.

डेन्मार्कनेंच या बाबतींत पुन्हां वही उघडावी, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकास अर्थपूर्ण वाटेल. इ. स. २०२३ च्या ऑक्टोबरांत तेथील सरकारनें वनस्पतिजन्य अन्नाच्या प्रसाराची राष्ट्रीय योजना जाहीर केली. इ. स. २०२४ त सरकार, शेतकरी संघ व निसर्गरक्षण संस्था यांच्यांत करार होऊन जनावरांपासून निघणाऱ्या वायूंवर इ. स. २०३० पासून कर बसविण्याचें ठरलें. कराचा मूळ दर टनामागें ३०० क्रोनर असून तो इ. स. २०३५ त ७५० व्हावयाचा आहे. त्यांतून शेतकऱ्यास ६० टक्के सूटही ठेविली आहे. सुमारें अडीच लक्ष हेक्टरांवर नवें अरण्य लावावयाचें, हाही त्याच योजनेचा भाग आहे. पूर्वीं शत्रूच्या धाकानें जें एका वर्षांत करावें लागलें तें आतां सलोख्यानें व सावकाश करण्याचा हा प्रयत्न दिसतो.

१०. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात असें आम्हांस वाटतें. पहिली : जनावराचें खरें माप त्याच्या वजनांत नसून त्यास पोसणाऱ्या जमिनींत आहे, आणि ती जमीन दृष्टीआड असली म्हणजे हिशोब चुकतो. दुसरी : मांसाचें प्रमाण मोठ्या प्रमाणांत घटवूनही राष्ट्राचें आरोग्य टिकतें, दुधाच्या बाबतींत मात्र ‘कमी’ व ‘नाहीं’ यांत भेद करावा लागतो, व जें आहे तें मुलांपर्यंत पोंचणें हें एकूण उत्पादनाहून महत्त्वाचें ठरतें. तिसरी : जर्मनीनें जनावरें मारलीं पण व्यवस्था केली नाहीं, डेन्मार्कनें व्यवस्था केली. सल्ला दोघांनाही सारखाच मिळाला होता.

आपल्या देशावर ही तुलना जशीच्या तशी लादणें बरोबर होणार नाहीं. दख्खनच्या शेतींत जनावराचा मुख्य आहार कडबा. ज्वारीचें कणीस माणसाचें व ताट बैलाचें, अशी ही जुनी वांटणी आहे. तींत माणूस व जनावर प्रतिस्पर्धी नसून एकाच रोपाचे दोन भागीदार आहेत. हिंधेडेनें गाय व डूक्कर यांत जो भेद केला तोच येथें शेतकऱ्याच्या वहिवाटींत पूर्वींपासून मुरलेला आहे. पण विदर्भ व मराठवाड्यांतील ज्या रानांत आज सोयाबीन उभें राहतें त्याचें तेल निघून उरलेली पेंड बव्हंशीं कोंबड्यांच्या व इतर जनावरांच्या खाद्यास जाते, कांहीं परदेशींही रवाना होते. म्हणजे दुसऱ्या कोणाच्या गोठ्याचें शेत आतां आपल्या दारांत आहे. ज्वारीच्या जागीं सोयाबीन आलें तेव्हां माणसाची भाकर व बैलाचा कडबा दोन्ही त्या रानांतून गेलीं, याची नोंद कोठें तरी झाली पाहिजे.

कोठावळ्याची वही खोटें बोलत नाहीं, असें म्हणण्याची पद्धत आहे. तिचें खरें दुखणें निराळें आहे : तुटवडा पडेपर्यंत ती कोणी उघडतच नाहीं. डेन्मार्कनें ती इ. स. १९१७ त उघडली तेव्हां धान्य अजून कोठारांत शिल्लक होतें, म्हणून वांटतां आलें; जर्मनीनें गणित आधीं मांडलें, पण कोठाराला कुलूप घातलें नाहीं, आणि नंतर वांटावयास सलगम उरले. सृष्टीच्या कोठारांत आज काय शिल्लक आहे याचे आकडे आपल्यापुढें आहेत. ते वाचून आपलें ताट किती भरावयाचें हें प्रत्येक समाजास स्वतःच ठरविलें पाहिजे. आणि तें धान्य शिल्लक असतांना ठरविणें शहाणपणाचें, एवढी साक्ष इतिहास निःसंदेह देतो.